खालच्या वावरातला बुडखा

आमच्या आक्का चहा उभ्याने प्यायच्या. जेवणसुद्धा ओट्याला टेकून, ताट डाव्या हातावर धरून. पाहुणे आले, कुणी खुर्ची पुढे सरकवली, तरी "असू द्या, बरी हाय मी" म्हणून भिंतीला पाठ लावून उभ्याच राहायच्या. एकदा न राहवून मी विचारलं, "आक्का, घटकाभर टेकत का नाही?" तर म्हणाल्या, "बसलं का मग उठावं लागतं गं. त्या उठण्याचाच कंटाळा येतो मला." हे त्या हसून म्हणाल्या नाहीत. दमलेलं माणूस जसं खरं तेवढंच सांगतं, तसं सांगितलं. कितीतरी वर्षं त्यांना बसलेलं मी पाहिलं ते फक्त ट्रॅक्टरवर.

आक्का म्हणजे माझ्या मोठ्या जाऊबाई. माझ्या नवऱ्याच्या, रवीच्या थोरल्या भावाची बायको. मी नाशिकची, पंचवटीत वाढलेली. रवी सातपूरला एका लहानशा वर्कशॉपमध्ये लेथवर होता. लग्नानंतर कितीतरी वर्षं चांदवड तालुक्यातलं आमचं हे गाव माझ्यासाठी दिवाळीपुरतं आणि यात्रेपुरतंच होतं. चार दिवस यायचं, आक्कांच्या हातची बाजरीची भाकरी आणि मिरचीचा खुडा खायचा, पिशवीभर कांदे घेऊन परत जायचं. टाळेबंदीत वर्कशॉप बंद पडलं ते पुन्हा उघडलंच नाही. घरभाडं, मुलांच्या फिया, सगळं एकदमच अंगावर आलं. शेवटी संसार टेम्पोत भरला आणि आम्ही गावी आलो.

आमचा टेम्पो दारात उभा राहिला तेव्हा आक्का कुणाचंतरी वावर नांगरून घरी येत होत्या. डोक्याला उपरणं गुंडाळलेलं, तोंडावर धुळीचा थर, आणि खाली तो जुना लाल ट्रॅक्टर. एका बाजूचा मडगार्ड चेपलेला. त्यांनी ट्रॅक्टर बंद केला, उतरल्या, टेम्पोतल्या सामानाकडे पाहिलं. मी आतून अगदी ओशाळून गेले होते. हरून परत आलेल्या माणसांसारखं वाटत होतं. आक्का एवढंच म्हणाल्या, "आलात? बरं झालं. पंखा आणलाय का? आमचा फिरत नाय." आणि स्वतःच गादीची वळकटी खांद्यावर घेऊन आत गेल्या. त्यानंतर आम्ही का आलो, किती दिवसांसाठी आलो, हे त्यांनी मला कधीही विचारलं नाही.

त्या ट्रॅक्टरची गोष्ट आधी सांगायला हवी, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. माझे मोठे दीर, त्यांना आम्ही दादा म्हणायचो, ते याच ट्रॅक्टरखाली गेले. घरापासून नाल्याच्या अंगाला आमचं खालचं वावर आहे. त्याच्या मधोमध एक जुनी बाभूळ होती. झाड केव्हाच तोडून विकलं होतं, पण बुडखा जमिनीत तसाच होता, चांगला दोन माणसांच्या कवेत येईल एवढा. प्रत्येक नांगरटीला नांगर त्याला अडायचा. एका सकाळी दादांनी त्याला साखळी बांधली आणि ट्रॅक्टरने ओढायला घेतलं. अशा कामात साखळी ट्रॅक्टरच्या मागे अगदी खालच्या हुकाला अडकवायची असते. ती वरच्या दांड्याला बांधली, की जोर लागला आणि मूळ हललं नाही तर पुढची चाकं उचलतात आणि आख्खा ट्रॅक्टर चालवणाऱ्याच्या अंगावर मागे उलटा येतो. दादांनी साखळी वर बांधली होती. बरोबर कुणी नव्हतं. नाल्यापलीकडची माणसं आवाज ऐकून धावत आली, तोवर सगळं संपलं होतं.

आम्ही नाशिकहून पोचलो तेव्हा अंगण माणसांनी भरलं होतं. दशक्रिया झाल्यावर सगळे नातेवाईक एकच म्हणत होते, तो ट्रॅक्टर विकून टाका, नजरेसमोर नको. महिन्याभराने आक्कांनी तो चांदवडला गॅरेजला नेऊन दुरुस्त केला आणि गॅरेजवाल्याच्याच हातापाया पडून चालवायला शिकल्या. त्यांची एकुलती एक मुलगी वैशाली तेव्हा कॉलेजात होती. तिचं शिक्षण, मग लग्न, सगळं आक्कांनी त्या ट्रॅक्टरवर दुसऱ्यांची वावरं नांगरून केलं. सुरुवातीला गावात लोक थांबून बघायचे. एक-दोघांनी तोंडावर विचारलंही, की ज्यानं नवरा खाल्ला त्याच्यावर बसवतं कसं? आक्कांनी सांगितलं, "लोखंड हाय ते. त्याला काय ठावं कोण बसलंय." रवी मात्र त्या ट्रॅक्टरला हात लावत नसे. तो जिथे उभा असेल तिथून वळसा घालून जायचा.

खालचं वावर मात्र आक्कांनी दादा गेल्यापासून सोडून दिलं होतं. तिकडे नाल्याच्या पाण्याबरोबर वेडी बाभूळ आली. ही बाभूळ एकदा शिरली की कुणाला विचारत नाही. पाच-सहा पावसाळ्यांत तिने सगळं वावर गिळलं. आम्ही आलो तेव्हा बांधावरून पाहिलं तर नुसतं काटेरी रान होतं, आत डुकरं शिरायची. आणि घरात खाणारी तोंडं चार वाढली होती. वरच्या वावराच्या कांद्यावर दोन घरं चालणं शक्य नव्हतं, हे न बोलता सगळ्यांना कळत होतं. रवी द्राक्षांच्या हंगामात पिंपळगावला पॅकहाऊसवर जाऊ लागला. एका संध्याकाळी भाकरी थापता थापता आक्का मला म्हणाल्या, "मनीषा, खालचं वावर मोकळं करू. तू साखळी बांधशील का?"

मी हो म्हटलं. कशाला हो म्हणते आहे ते मला माहीत नव्हतं.

दिवाळीनंतर आम्ही सुरुवात केली. आधी कोयत्याने फांद्या छाटायच्या. वेड्या बाभळीचा काटा चपलेतून आरपार जातो, हे मला पहिल्याच दिवशी समजलं. मग बुंध्याभोवती कुदळीने आळं खणायचं, वरच्या आडव्या मुळ्या उघड्या करून कुऱ्हाडीने तोडायच्या. मग मी साखळीचा फास बुंध्याला अगदी मातीलगत आवळायचा, दुसरं टोक ट्रॅक्टरच्या खालच्या हुकाला घालून त्यात पिन टाकायची आणि लांब बांधावर जाऊन उभं राहायचं. मी बांधावर पोचल्याशिवाय आक्का गिअर टाकत नसत. मग ट्रॅक्टर मुंगीच्या पावलाने पुढे निघायचा, साखळी ताणली जायची, आणि जमिनीच्या पोटातून तडतड आवाज यायचा. कधी झाड एका हिसक्यात उपटून यायचं. कधी सकाळपासून दुपारपर्यंत एकाच झाडाशी झटायचं. आक्का थोडं ओढायच्या, सोडायच्या, दिशा बदलायच्या, उतरून अजून एक मूळ तोडायच्या, पुन्हा चढायच्या.

मला उरक हवा असायचा. शहरातली सवय. दुपारी ऊन चढलं की मी म्हणायचे, "आक्का, हे एवढं एक काढून टाकू ना, जोरात ओढा की!" त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर असायचं, "ते काय पळून चाललंय का? उद्या बी हितंच हाय." हे त्यांचं सगळ्यालाच असायचं. दूध उतू जायला आलं, पाहुण्यांची बस सुटायची वेळ झाली, वीज यायच्या आत मोटार चालू करायची, काहीही असो. "पळून चाललंय का?" पहिल्या हिवाळ्यात या वाक्याचा मला राग यायचा. दुसऱ्या हिवाळ्यापर्यंत माझ्याच तोंडात बसलं.

त्या दोन हिवाळ्यांत मी जेवढी दमले तेवढी बाळंतपणातही दमले नव्हते. संध्याकाळी घरी आलं की हाताची मूठ मिटायची नाही. पीठ मळताना तळव्याच्या चिरांत मीठ झोंबायचं. आक्का पातेलंभर पाणी तापवायच्या, आम्ही दोघी त्यात हात बुडवून चुलीपुढे गप्प राहायचो, मी पाटावर आणि त्या ओणव्या. बोलायला त्राणच नसायचं. एकदा मी विचारलं, "तुम्हाला कधी वाटत नाही का, सगळं सोडून कुठेतरी निघून जावं?" त्यांनी पाण्यातले हात उलटे केले. म्हणाल्या, "वाटतं ना. पण जाऊन बी सकाळी उठावंच लागंल ना कुठंतरी." मग थोड्या वेळाने, "वैशाली बोलावती सटाण्याला. जाते मी, दोन दिवस राहते. तिसऱ्या दिवशी तिथं बी धुणं दिसायला लागतं."

दादांबद्दल त्या क्वचित बोलायच्या. बोलल्या तर फार जपून. "हे असते तर" किंवा "ह्यांना आवडायचं", एवढंच. गेलेल्या माणसाच्या फोटोला हार घालतात तसं ते बोलणं होतं. भांडण नाही, तक्रार नाही, आठवणीत एखादी हसण्यासारखी गोष्टसुद्धा नाही. मी दादांना फारसं ओळखत नव्हते. आक्कांच्या बोलण्यावरून मला वाटायचं, हा माणूस साधूच असला पाहिजे.

झाडं निघत गेली तसं वावर मोकळं दिसू लागलं. आम्ही नाल्याकडून सुरुवात केली होती आणि कडेकडेने आत सरकत होतो. दुसरा हिवाळा सरता सरता सगळी वेडी बाभूळ निघाली. बांधावर सरपणाच्या राशी लागल्या. आणि मधोमध तो बुडखा उरला. इतकी वर्षं झुडपांनी झाकलेला, आता चारी बाजूंनी उघडा. काळा पडलेला, वरून फुटलेला, पण जमिनीत घट्ट. त्याच्या एका अंगाला साखळीचा जुना करकोचा अजून दिसत होता. आम्ही दोघींनी तो पाहिला.

मला वाटलं होतं, त्याला वळसा घालून नांगरू. पण आक्कांनी दुसऱ्या दिवशी आळं खणायला घेतलं. पाच-सहा दिवस त्या एकट्याच खणत होत्या. मी पाणी घेऊन जायचे, त्या घोटभर पाणी प्यायच्या आणि पुन्हा कुदळ उचलायच्या. मी म्हटलं, "आक्का, राहू दे ना याला. कुठे आडवा येतोय?"

"नांगराला येतो."

"मग जेसीबी बोलावू. रवी म्हणत होता."

"जेसीबी खालचा मुरूम वर आणतो. काळी माती पार गाडून टाकतो." हे खरं होतं, पण त्यांच्या मनातलं कारण हे नव्हतं, एवढं मला कळत होतं.

ओढायच्या दिवशी सकाळी त्यांनी ट्रॅक्टर मागे घेतला आणि मला हाक मारली. मी साखळी हातात घेतली. बुडख्यापर्यंत गेले. तो करकोचा पाहिला. मी साखळी खाली टाकली.

"मी नाही बांधणार, आक्का."

त्या वरून माझ्याकडे पाहत राहिल्या. मी म्हटलं, "आजवर तुम्ही म्हणाल ते केलं. हे मी माझ्या हाताने नाही करणार. उद्या काही झालं तर वैशालीला काय सांगू मी? साखळी मी बांधली म्हणून सांगू?"

मला वाटलं चिडतील. त्या शांतपणे खाली उतरल्या. "बरोबर हाय तुझं," म्हणाल्या. "तू बांधावर जा." आणि स्वतः गुडघे टेकून साखळी बांधायला लागल्या. खालच्या हुकात पिन टाकली. एकदा, दोनदा ओढून पाहिली. मी बांधाकडे गेले खरी, पण पुन्हा पुन्हा मागे वळून बघत. ओरडून रवीला बोलवावं असं वाटत होतं.

ट्रॅक्टर निघाला. साखळी ताणली. या वेळी जमिनीतून आवाज आला नाही. इंजिनाचा सूर जड होत गेला, मागची चाकं जागच्या जागी फिरून माती उकरू लागली. आणि मग मी पाहिलं, साखळी खालच्या हुकाला असूनही पुढची दोन्ही चाकं जमिनीवरून उचलली गेली. हातभर असतील. मला ती आभाळाला लागल्यासारखी दिसली. मी किंचाळले. आक्कांनी क्लच दाबला असावा, कारण चाकं धपकन खाली आली, सगळा ट्रॅक्टर हादरला आणि बंद पडला.

मी धावत गेले. आक्का स्टिअरिंगला दोन्ही हातांनी धरून समोर बघत होत्या. चेहऱ्यावर भीती नव्हती, रडू नव्हतं. नुसता थकवा. "उतरा," मी म्हटलं. त्या उतरल्या. साखळी सोडली, गुंडाळली, खांद्यावर टाकली आणि घरी आल्या. तिसऱ्या दिवशी पिशवी भरली आणि म्हणाल्या, "सटाण्याला जाऊन येते."

मी रवीला झालेलं सगळं सांगितलं. आपल्या भावाला ज्या जागेवरून उचललं होतं, तिथे आता वहिनी जाणार होती, हे त्याला सोसण्यासारखं नव्हतं. शेजारच्या वावरात शेततळ्यासाठी जेसीबी आला होता. रवी सकाळी जाऊन त्या ऑपरेटरशी बोलला. मी म्हटलं, "आक्कांना विचारायला हवं होतं." तो म्हणाला, "विचारलं तर नाही म्हणतील. आणि परत तिथं जातील."

दुपारी जेसीबी बांध ओलांडून आला. ऑपरेटर बिहारकडचा, तरणा. कानाला मोबाइल लावून बोलत बोलतच त्याने यंत्र आत घातलं. आलेल्या माणसाला चहा द्यावा म्हणून मी घरी आले, गॅसवर आधण ठेवलं. चहा गाळून किटली घेऊन वावरात पोचले तर बुडखा बाहेर आडवा पडला होता. रवी खड्ड्याच्या काठावर उभा होता. ऑपरेटर म्हणाला, "हो गया भाभी," आणि चहा पिऊन निघून गेला. बुडख्याचं सोटमूळ माणसाच्या मांडीएवढं जाड होतं आणि सरळ खाली गेलेलं. बस, एवढंच. एका साध्या झाडाचं मूळ.

आक्का दोन दिवसांनी परत आल्या. फाट्यावर बसमधून उतरून चालत येताना घराच्या आधी खालचं वावर लागतं. त्या घरी न येता तिथेच थांबल्या आहेत हे मला ओट्यावरून दिसलं. मी आणि रवी दोघंही गेलो. आक्का खड्ड्यापाशी उभ्या होत्या. पिशवी अजून हातातच होती.

रवी म्हणाला, "वहिनी, मी काढायला लावला. मला विचारायचं धाडस झालं नाही. रागवा मला."

आक्कांनी त्याच्याकडे पाहिलंच नाही. खड्ड्यात बघत विचारलं, "किती वेळ लागला?"

रवीने माझ्याकडे पाहिलं. मग मीच म्हटलं, "मी चहा ठेवला होता. तो व्हायच्या आत निघाला."

"चहा व्हायच्या आत," आक्का म्हणाल्या.

मी त्यांच्या दंडाला हात लावला. तेव्हा त्या एकदम बोलायला लागल्या. आमच्याशी नाही. खड्ड्याकडे बघून, समोर माणूस उभं असल्यासारखं.

"अहो, पिन घरी होती! देवळीत होती, डोळ्यांसमोर! निघताना मी म्हटलं नव्हतं का, हुकाची पिन राहिली, घेऊन जा? दोन शेतांचं तर अंतर. पण नाय. बांधली साखळी वरच्या दांड्याला. दोन शेतं चालायला काय झालं होतं तुम्हाला? हे बेणं काय पळून चाललं होतं का? उद्या काढलं असतं, पुढच्या साली काढलं असतं, कुणाचा जेसीबी आला असता तर चहा व्हायच्या आत निघालं असतं! सगळ्यात घाई. जेवणात घाई, गरम घास तसाच गिळायचा आणि ठसका लागला का माझ्यावर डोळे वटारायचे. लग्नात बी घाई. भटजीचं पुरं व्हायच्या आत माळ घालून मोकळे झाले. आणि मी हितं एकटी. पोरीचं लग्न एकटीनं. रातच्याला कुणाशी भांडू मी? सांगा ना, कुणाशी भांडू?"

रवी बांधावर जाऊन पाठमोरा उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते. मी आक्कांना थांबवलं नाही. दिवस कलेपर्यंत त्या बोलत होत्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला दादा दिसले. चपलेचा अंगठा तुटला तरी दुरुस्त न करता तसेच फरफटत चालणारे, एसटी थांबायच्या आत उडी मारणारे, बायकोला यात्रेत बांगड्या भरायला नेऊन स्वतःच कंटाळून घरी निघून येणारे. हे सगळं त्या शिव्या दिल्यासारखं सांगत होत्या आणि मधेच तोंडाला पदर लावून हसतही होत्या. शेवटी आवाज बसला. तेव्हा म्हणाल्या, "चल. भूक लागली."

त्या रात्री त्या जेवल्या आणि आडव्या झाल्या. सकाळी म्हैस रेकत राहिली तरी उठल्या नाहीत. रवीने धार काढली. मुलांना मी खुणेनेच गप्प करून शाळेत पाठवलं. ऊन दारातून आत आलं, त्यांच्या पायांवर चढलं, तरी त्या झोपलेल्याच होत्या. घाबरून मी दोनदा नाकाशी हात धरून पाहिला. दुपारी उठल्या, तोंड धुतलं आणि मला म्हणाल्या, "ट्रॅक्टर शीक आता तू. मला लय कंटाळा आलाय."

त्या हंगामात उशीर झाला होता, म्हणून खालच्या वावरात काही टाकलं नाही. नुसता खड्डा बुजवला. पुढच्या हिवाळ्यात, उन्हाळ्याला निघतो तो उन्हाळ कांदा लावला. पहिली नांगरट मी केली. आक्का बांधावरून ओरडून सांगत होत्या, "वळवताना नांगर उचल गं! उचल आधी!" माझी नांगराची तासं वाकडीतिकडी निघाली. कांदा बरा आला. फार नाही, पण बरा.

त्यानंतर आक्का दोन वर्षं होत्या. किडन्यांचं दुखणं निघालं, नाशिकला खेपा सुरू झाल्या. थकत गेल्या. पण एक बदल कायमचा झाला होता. आता दादांचा विषय घरात रोज निघायचा. डायलिसिससाठी गाडीत बसल्यावर आक्का सांगायला सुरुवात करायच्या, विंचूरच्या बाजारात त्यांनी घाईघाईत दुसऱ्याचाच बैल कसा सोडून आणला होता, आणि मालक मागे पळत कसा आला. दवाखान्यातल्या बाया हसून हसून दमायच्या. एका बाईने विचारलं, "कुठंयत हो तुमचे मालक?" तर आक्का म्हणाल्या, "गेले ना लवकर. त्यांचं सगळंच लवकर." हे सांगताना त्यांचा आवाज जराही कापला नाही. नवऱ्याची खोड सांगणाऱ्या कुठल्याही बाईसारखा तो आवाज होता.

शेवटचे काही दिवस त्या घरीच होत्या. पुन्हा दवाखाना नको म्हणाल्या. वैशाली येऊन राहिली होती. आक्का बराच वेळ ग्लानीत असायच्या, अधूनमधून काही पुटपुटायच्या. आम्ही कान देऊन ऐकायचो, पण शब्द लागायचे नाहीत. एका दुपारी वैशाली आत काहीतरी करत होती आणि मी एकटीच उशाशी होते. आक्कांनी डोळे न उघडता कपाळाला आठी घातली आणि अगदी स्पष्ट म्हणाल्या, "सावकाश जेवा ना हो. अजून भाकरी टाकतीय मी."

मी चमच्याने त्यांना पाणी पाजलं. त्यांनी ते गिळलं. कपाळावरची आठी हळूहळू गेली. संध्याकाळी दिवेलागणीला आक्का गेल्या.